इंदूरचं आयपीएम की पार्ल्याचं बीबीए?

आयआयएम इंदूरचं पाच वर्षांचं, पदवी आणि एमबीए एकत्र देणारं आयपीएम आणि विलेपार्ल्याच्या एनएमआयएमएस विद्यापीठाचं बीबीए, म्हणजे व्यवस्थापनाची नुसती पदवी, अशा दोन्ही याद्यांत नाव लागलं की घरात एकच सूर निघतो: ‘आयआयएम मिळतंय आणि सोडायचं?’ पण विचारायला हवं ते वेगळंच. एमबीए करायचंच, हे अठराव्या वर्षी पक्कं आहे का?

आयपीएममध्ये तो निर्णय आजच होतो. २०११ साली सुरू झालेल्या या अभ्यासक्रमात पहिली तीन वर्षं गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि जोडीला मानसशास्त्र, समाजशास्त्र, परकीय भाषा. व्यवस्थापनाचा मुख्य भाग चौथ्या-पाचव्या वर्षी, कॅट ही आयआयएमच्या एमबीएची प्रवेशपरीक्षा देऊन आलेल्यांच्या बरोबरीनं. कॅट टळते, ही मोठीच कमाई. तिसऱ्या वर्षानंतर पदवी घेऊन बाहेर पडता येतं, पण नोकरीसाठीची मुख्य प्लेसमेंट पाचव्या वर्षी असते, त्यामुळे ते मागचं दार समजावं. चौथ्या वर्षात जायलाही गुणांची अट असते. गणिताचा कंटाळा असलेल्याची इथे दमछाक होते.

बीबीएत निर्णय पुढे ढकलता येतो. सीए, परदेशी मास्टर्स, थेट नोकरी, घरचा धंदा, सगळं खुलं. मुंबईत राहिल्यानं कॉलेज चालू असतानाही इंटर्नशिप जमते. मात्र नंतर आयआयएम हवंच असेल, तर कॅटच्या पर्सेंटाइलसोबत दहावी, बारावी, पदवीचे गुण आणि बहुतेक ठिकाणी नोकरीचा अनुभवही मोजतात. फेस्ट आणि कमिट्यांच्या नादात पदवीचे गुण घसरले, की ते नंतर भरून काढता येत नाहीत.

आता पैसे. माहितीपत्रकातली फी बहुतेकदा पहिल्या वर्षाची असते. वसतिगृह, मेस, लॅपटॉप आणि दरवर्षीची वाढ धरून पाच वर्षांची बेरीज कागदावर करा. उदाहरणादाखल, आयपीएमसाठी दरवर्षी ६ लाख असं पाच वर्षं कर्ज उचललं, व्याज १० टक्के, तर शिक्षण संपेपर्यंत साध्या व्याजानंच ९ लाख चढतात. हप्ता सुरू होण्याआधीचं सवलतीचं वर्ष धरलं तर आणखी ३. म्हणजे ३० चे ४२ लाख आणि दहा वर्षांसाठी महिना सुमारे ५५,५०० रुपये हप्ता. बीबीएसाठी दरवर्षी ५ लाख असं तीन वर्षं उचललं, तर त्याच हिशेबानं साडेएकोणीस लाख आणि महिना सुमारे २५,८००. अर्थात पुढे एमबीए केलं तर त्याचं कर्ज वेगळं. शिकत असतानाच दर महिन्याचं व्याज भरता आलं, तर वरचे १२ लाख मुद्दलात चढत नाहीत. आयपीएमसाठी तरी ही सोय लावाच.

सगळ्यात जास्त घोटाळा तारखांचा होतो. एका ठिकाणी फी भरायची मुदत संपते आणि दुसरीकडची प्रतीक्षायादी अजून हलत असते. यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २०१८ चा फी परताव्याचा नियम ‘प्रवेशाची अधिकृत शेवटची तारीख’ धरून चालतो: त्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर थोडं प्रक्रिया शुल्क वजा करून पूर्ण फी परत, मग उतरत ९०, ८०, ५० टक्के आणि ती तारीख उलटून महिना गेला की शून्य. मधूनमधून यूजीसी याहून सवलतीचं परिपत्रक काढतं, तेही बघा. आयआयएमचे नियम स्वतःचे असतात, ते ऑफर लेटरमध्येच वाचावेत. रद्द करायचा अर्ज फोनवर नको. पोर्टलवर करा, शिवाय ईमेल पाठवा आणि तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा.