ओ सेब्रेइरोची चढण

येशूच्या बारा शिष्यांपैकी संत याकोब यांची समाधी स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील सांतियागो दे कॉम्पोस्तेला येथे आहे, अशी श्रद्धा नवव्या शतकापासून चालत आली आहे. तेव्हापासून युरोपभरचे यात्रेकरू पायी तेथे जातात आणि या पदयात्रेला ‘कामिनो’ असे म्हणतात. फ्रान्सच्या सीमेवरून येणाऱ्या तिच्या मुख्य मार्गावर, जेथे लेऑनचा मुलूख संपून गॅलिसिया सुरू होतो त्या डोंगरमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 1300 मीटर उंचीवर ओ सेब्रेइरो नावाचे इवलेसे गाव वसले आहे. मी आणि माझी मैत्रीण, आळंदीहून पंढरपूरपर्यंत एकत्र चाललेल्या दोघी, लेऑन शहरातून कामिनोला निघालो. त्या संपूर्ण वाटेत मनात सर्वांत खोल रुतले ते हे गाव, म्हणून त्याच्याविषयीच लिहिते.

खरी चढण वाल्कार्से नदीच्या खोऱ्यात, लास एर्रेरियास या एके काळी लोखंडाच्या भट्ट्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या खेड्यापासून सुरू होते. तेथून माथ्यापर्यंतचे अंतर जेमतेम आठ किलोमीटर असले, तरी तेवढ्यात सहाशे मीटरांहून अधिक उंची चढावी लागते. दिवेघाट चढताना टाळमृदंगाचा गजर आणि पुढच्या-मागच्या माउलींचा रेटा पायांना बळ देतो. येथे मात्र दिंडी नाही, वीणेकरी नाही, मुक्कामाची पंगत नाही. प्रत्येक जण आपापल्या चालीने जातो, आणि ओलांडून पुढे जाणारा अनोळखी माणूस ‘बुएन कामिनो’ अशी शुभेच्छा देऊन वळणाआड दिसेनासा होतो. ला फाबापर्यंतची वाट चेस्टनटच्या जुनाट झाडांखालून जाते. गुरांच्या खुरांनी आणि शतकानुशतकांच्या पावलांनी ती इतकी खोल गेली आहे की दोन्ही बाजूंचे बांध कमरेपर्यंत येतात, त्यांवर नेचे आणि शेवाळ माजलेले असते आणि मधून मधून झऱ्याचे पाणी वाटेवरच उतरते. ला फाबा मागे पडल्यावर झाडी सरते आणि उघड्या उतारांवर पिवळ्या फुलांची काटेरी झुडपे दिसू लागतात. ला लागुना हे लेऑनच्या बाजूचे शेवटचे गाव. ते ओलांडले की रंगवलेला एक मोठा सीमादगड लागतो आणि तेथून गॅलिसियाची हद्द सुरू होते. आम्ही त्या दगडापाशी पोहोचलो तेव्हा अटलांटिक महासागरावरून येणारे धुके डोंगरावर असे उतरले होते की दहा पावलांपलीकडचे काही दिसेना. अशा धुक्यात आणि हिमवादळात वाट चुकलेल्यांना दिशा कळावी म्हणून पूर्वी ओ सेब्रेइरोच्या चर्चची घंटा वाजवत राहत, असे सांगतात. ती चढण चढून आल्यावर ही गोष्ट केवळ ऐकीव वाटत नाही.

गावात पहिली नजर जाते ती ‘पायोसा’ या घरांकडे. ही घरे लंबगोल असून त्यांना कोपरा असा नसतोच. दगडी भिंत बुटकी, आणि तिच्यावर राय धान्याच्या काडाचे जाड, उतरते छप्पर. भातलावणीत पाठीवर इरले घेऊन वाकलेल्या माणसासारखे हे घर वाऱ्याकडे पाठ करून बसलेले दिसते. या बांधणीचे मूळ रोमनांच्या आधीच्या काळापर्यंत मागे नेले जाते. यांपैकी एका घरात आता संग्रहालय आहे. बुटक्या दारातून वाकून आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ लागतो, मग मधोमध चूल, तिच्याभोवतीची बाके, वर टांगलेली साखळी आणि काजळीने काळेभोर झालेले वासे दिसू लागतात. चुलीला धुराडे नाही. धूर सावकाश काडातूनच बाहेर झिरपत असे, त्यामुळे टांगलेले मांस टिकत असे आणि छपराला कीड लागत नसे. एका बाजूला माणसे आणि आडोशापलीकडे गुरे, दोघेही एकाच छपराखाली, कारण हिवाळ्यात गुरांच्या अंगची ऊबही घराला हवीच असे. मी त्या वाशांना हात लावून पाहिला. धूर विझून कित्येक वर्षे लोटली असतील, तरी बोटांना त्याचा वास लागला.

सांता मारिया ला रेआल हे गावातील चर्च कामिनोवरील अतिशय प्राचीन चर्चांपैकी एक मानले जाते. त्याची सध्याची डागडुजी 1960च्या दशकातली असली, तरी मूळ बांधणीचा साधा, जाडजूड भिंतींचा घाट तिने सांभाळला आहे. आत काचेमागे बाराव्या शतकातील एक प्याला आणि थाळी ठेवलेली आहे. त्यांच्यामागची कथा अशी. सुमारे 1300 साली हिवाळ्यातल्या एका दिवशी खालच्या बार्शामायोर गावचा एक शेतकरी हिमवादळातून वर चढून मिस्सेला, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारस ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त म्हणून अर्पण करण्याच्या उपासनेला, आला. मिस्सा अर्पण करणाऱ्या मठवासी धर्मगुरूचा स्वतःचाच विश्वास डळमळीत झालेला होता. थोडीशी भाकरी आणि घोटभर द्राक्षारस पाहायला हा माणूस एवढ्या वादळात कशाला आला, असे त्याच्या मनात आले, आणि त्याच क्षणी वेदीवरील भाकरीचे मांस आणि प्याल्यातील द्राक्षारसाचे रक्त झाले. स्पेनची राणी इसाबेल आणि राजा फेर्नांदो 1486 मध्ये यात्रेवर असताना येथे आले आणि या अवशेषांसाठी त्यांनी पात्रे अर्पण केली.

ही कथा ऐकताना मला पंढरपूरच्या महाद्वारातील चोखोबांच्या समाधीची आठवण आल्यावाचून राहिली नाही. विधी जाणणारा आत असतो, भाव घेऊन आलेला उंबऱ्यावर असतो, आणि देव कोणाकडे पाहतो हे दोन्हीकडच्या भाविकांनी आपापल्या परीने सांगून ठेवले आहे. त्या शेतकऱ्याचे नाव चोखोबांप्रमाणे अभंगांतून उरले नाही, पण त्याचे गाव मात्र कथेने जपले आहे. चमत्कारावर विश्वास ठेवणे न ठेवणे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. बर्फातून त्याने चढलेली वाट मात्र मला पूर्णपणे खरी वाटते.

चर्चच्या बाहेर एका धर्मगुरूचा अर्धपुतळा आहे. एलियास वालिन्या सांपेद्रो हे 1959 पासून 1989 मध्ये निधन होईपर्यंत या गावचे पाद्री होते. ते येथे आले तेव्हा कामिनो जवळपास विस्मरणात गेला होता, मठवासी कधीच निघून गेले होते आणि पायोसा ढासळत होत्या. त्यांनी चर्च पुन्हा उभे केले, घरे वाचवली, यात्रेच्या इतिहासावर आणि तिच्याशी निगडित कायद्यांवर प्रबंध लिहिला आणि जुन्या वाटा शोधत ते स्वतः हिंडले. 1984 मध्ये त्यांनी आपल्या गाडीत पिवळा रंग घेऊन फ्रान्सच्या सीमेपासून झाडांवर, दगडांवर आणि भिंतींवर बाण रंगवत नेले. रस्त्याच्या कामातून उरलेला रंग त्यांना मिळाला होता, असे सांगतात. आज जगभरच्या यात्रेकरूंना वाट दाखवणारा पिवळा बाण तो हाच. 1980च्या दशकात सांतियागोला पोहोचून प्रमाणपत्र घेणाऱ्यांची संख्या वर्षाला काही हजारांपलीकडे नव्हती. 2023 मध्ये ती चार लाखांच्या वर गेली. 1993 मध्ये या मार्गाला जागतिक वारशाचा दर्जाही मिळाला, मात्र ते भाग्य पाहायला वालिन्या नव्हते.

वाट श्रद्धेने जन्मते, पण टिकते ती राबणाऱ्या माणसांमुळे, असे मला त्या पुतळ्यासमोर फार तीव्रतेने वाटले. माउलींच्या पालखीला आज आपण पाहतो ती शिस्त, दिंड्यांचे क्रम, रिंगण आणि मुक्काम, हे सारे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिले. वारकरी त्यांचे नाव विसरलेला नाही, आळंदीला त्यांच्या पायरीशी तो आजही माथा टेकवतो. वालिन्यांच्या पुतळ्यापाशीही कोणीतरी ठेवलेले खडे आणि रानफुले मी पाहिली.

बहुतेक यात्रेकरू ओ सेब्रेइरोला दुपारी पोहोचतात आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच चालू लागतात. आम्ही मुद्दाम मुक्काम वाढवला आणि या निर्णयाचे समाधान आजही आहे. धुके विरल्यावर उत्तरेला आंकारेसच्या आणि दक्षिणेला कोउरेलच्या डोंगररांगा दिसू लागल्या. कोउरेलच्या परिसराला त्याच्या खडकांच्या घडणीमुळे 2019 मध्ये युनेस्कोने जागतिक भू-उद्यान म्हणून मान्यता दिली आहे. गावापासून लिन्यारेसकडे जाणारी रानवाट आम्ही पाठीवर ओझे नसताना निवांत चाललो. तेथे झुडपांतून वारा सारखा वाहत होता आणि दूरच्या कुरणांतून गाईंच्या गळ्यांतील घंटा ऐकू येत होत्या. परतल्यावर भाजीपाला आणि बटाट्याचे गरम गॅलिसियन सूप आणि त्यानंतर मध घातलेले ओ सेब्रेइरोचे ताजे चीज असे जेवण झाले. हे चीज आचाऱ्याच्या उंच टोपीच्या आकाराचे असते, चवीला किंचित आंबूस, आणि मधाबरोबर ते खाताना त्या डोंगरावरच्या कुरणांचा सारा स्वाद त्यात उतरला आहे असे वाटते.

पुढे निघाल्यावर सान रोकेच्या खिंडीत वाऱ्याला तोंड देऊन टोपी सावरणाऱ्या यात्रेकरूचा मोठा पुतळा लागतो. त्यानंतर पूर्वी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा असलेले ओस्पिताल दा कोन्देसा येते आणि मग 1335 मीटर उंचीची आल्तो दो पोयो ही खिंड. तेथून वाट त्रियाकास्तेलाकडे उतरू लागते. खाली रामिल येथे शेकडो वर्षांचा चेस्टनटचा एक वृक्ष आहे, ज्याचा बुंधा कवेत घ्यायला अनेक माणसे लागतील. त्रियाकास्तेलाच्या आसपास चुनखडी सापडते. सांतियागोचे महामंदिर बांधले जात होते त्या काळी येथून जाणारा प्रत्येक यात्रेकरू चुनखडीचा एक दगड उचलून सोबत घेई आणि ऐंशी-नव्वद किलोमीटर पुढे असलेल्या कास्तान्येदा येथील चुन्याच्या भट्टीपाशी टाकी. बाराव्या शतकातील यात्रेच्या पोथीत ही नोंद आहे. ज्या मंदिराच्या दर्शनाला निघालो त्याच्या भिंतींसाठी आपल्याच खांद्यावरून दगड वाहून न्यावा, ही रीत मला अपार आवडली.

त्रियाकास्तेलाहून सार्रियाकडे जाणाऱ्या दोन वाटा फुटतात. एक सान शिलच्या डोंगरावरून जवळच्या मार्गाने जाते, तर दुसरी सामोसच्या बेनेडिक्टाइन मठाकडे वळते. 1951 च्या आगीत त्या मठाचे फार नुकसान झाले होते आणि नंतर तो पुन्हा उभारला गेला. दुसरी वाट सहा-सात किलोमीटर अधिक लांबीची असली, तरी आम्ही तीच धरली, कारण ती ओरिबियो नदीच्या काठाने, झाडांच्या गर्द सावलीतून जाते.