मेसेजिंग ॲपचे कुठेच न लिहिलेले कमांड-लाइन ऑप्शन

डेस्कटॉपवरच्या मेसेजिंग ॲपला टर्मिनलमधून, म्हणजे टाइप करून आज्ञा द्यायच्या खिडकीतून, ‘--हेल्प’ दिलं तर काय होईल याचा नेम नसतो. एलिमेंटसारखं एखादं ॲप आपल्या ऑप्शनची नीट यादी छापतं. बरीचशी काहीही न बोलता नेहमीसारखी खिडकी उघडतात. विंडोजवर तर छापलेली यादीही बऱ्याचदा दिसत नाही, कारण ग्राफिकल प्रोग्राम म्हणून बांधलेलं ॲप टर्मिनलला जोडलेलंच नसतं. ऑप्शन, म्हणजे ॲप चालवताना त्याच्या नावापुढे लिहायचे फ्लॅग, मात्र असतात आणि कामाचेही असतात. (इथे ते उच्चाराप्रमाणे दिले आहेत, टाइप करताना लहान रोमन अक्षरं आणि दाखवलेत तिथे डॅश.)

गोंधळाचं मूळ असं, की एकाच ओळीत लिहिलेले फ्लॅग वेगवेगळ्या थरांकडे जातात. सिग्नल डेस्कटॉप इलेक्ट्रॉनवर उभा आहे, म्हणजे वेबच्या तंत्राने डेस्कटॉप ॲप बांधायच्या साच्यावर, आणि त्याच्या पोटात क्रोमियम हा क्रोमचा पाया असलेला ब्राउझर असतो. त्यातला ‘--स्टार्ट-इन-ट्रे’ (खिडकी न दाखवता ट्रेमध्ये, म्हणजे घड्याळाजवळच्या लहान चिन्हांत, सुरू हो) सिग्नलचा स्वतःचा, तर ‘--यूजर-डेटा-डिर’, ‘--प्रॉक्सी-सर्व्हर’, ‘--पासवर्ड-स्टोअर’ हे इलेक्ट्रॉन आणि क्रोमियमकडून आलेले. लिनक्सवर ॲप बसवायच्या फ्लॅटपॅक या साधनाने बसवलं असेल तर आणखी एक थर: ‘फ्लॅटपॅक रन’नंतर ॲपच्या आयडीच्या आधी लिहिलेलं फ्लॅटपॅक स्वतः वाचतो, आयडीनंतरचं ॲपला मिळतं. ॲपवाले म्हणणार क्रोमियमचं आम्ही कशाला लिहू, आणि क्रोमियमच्या यादीत तुमच्या ॲपचा फ्लॅग असण्याचा प्रश्नच नाही. टेलिग्राम डेस्कटॉपचा कारभार वेगळा. तो इलेक्ट्रॉनवर नाही, क्यूटी ही लायब्ररी आणि सी++ ही भाषा यांत लिहिलेला, त्याच्या फ्लॅगला एकच डॅश आणि मध्ये हायफन नाही: ‘-स्टार्टइनट्रे’, ‘-वर्कडिर’, ‘-नोअपडेट’. सिग्नलचा फ्लॅग त्याला दिला तर उपयोग शून्य.

त्यात क्रोमियम अनोळखी फ्लॅग गुपचूप गिळतो. स्पेलिंग चुकलं तरी तक्रार नाही, इशारा नाही. त्यामुळे ‘फ्लॅग दिला, ॲप उघडलं’ हा फ्लॅग चालल्याचा पुरावा होत नाही. इंटरनेटवर फिरणाऱ्या कित्येक तयार कमांडच्या ओळींत असे मेलेले फ्लॅग वर्षानुवर्षं पुढे सरकत आलेले असतात.

खरी यादी सोर्स कोडमध्ये. कोड खुला असेल तर तिथेच शोधावं. नसला तरी इलेक्ट्रॉनच्या ॲपमध्ये ‘रिसोर्सेस’ फोल्डरात बहुधा ‘ॲप.असार’ नावाची फाइल असते. ती कॉम्प्रेस केलेली नसते, त्यामुळे न उलगडताही ग्रेप, म्हणजे फाइलमध्ये शब्द शोधणारी कमांड, चालते. ‘-ए’ द्यावा, म्हणजे ग्रेप बायनरी फाइलही मजकुरासारखी वाचतो. ‘-ओ’ द्यावा, म्हणजे फक्त जुळलेला भाग छापला जातो, नाहीतर आखूड केलेल्या कोडची एकच प्रचंड ओळ स्क्रीनवर ओतली जाते. शोधायचे शब्द: ‘प्रोसेस.एआरजीव्ही’, ‘हॅजस्विच’, ‘गेटस्विचव्हॅल्यू’ (या दोन्हींत ‘स्विच’चा एस आणि ‘व्हॅल्यू’चा व्ही मोठा), आणि दोन डॅशने सुरू होणाऱ्या स्ट्रिंग, म्हणजे अवतरणातला मजकूर. कोड आखूड करताना चलांची नावं बदलतात, पण अवतरणातली स्ट्रिंग शाबूत राहते, म्हणून हे जमतं. फक्त दोन डॅशने सुरू होणारा शब्द ग्रेपला थेट दिला तर तो स्वतःचाच ऑप्शन समजून रुसतो; त्याआधी ‘-ई’ लिहावा.

सापडलेला फ्लॅग तपासताना सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे ट्रेमध्ये आधीच चालू असलेलं ॲप. बहुतेक मेसेजिंग ॲप एका वेळी एकच प्रत चालू देतात. दुसऱ्यांदा चालवलं की नवी प्रत आपले फ्लॅग पहिलीकडे सोपवते आणि बंद होते. पहिली प्रत त्यातलं एखाद्या लिंकसारखं थोडंफार वाचते, पण प्रॉक्सी, ग्राफिक्स हे सुरू होतानाच ठरलेलं असतं. खिडकी बंद करणं पुरत नाही, मेनूतून ‘क्विट’च करावं लागतं. मॅकवर ‘ओपन -ए’ वापरलं तर फ्लॅगच्या आधी ‘--आर्ग्ज’ हवा, आणि ॲप चालू असेल तर तेही वाया. लिनक्सवर चालू प्रोसेसची यादी देणाऱ्या ‘पीएस -ईएफ’ने खातरजमा होते: इलेक्ट्रॉनच्या अनेक प्रोसेस दिसतील, त्यातली ‘--टाइप=’ नसलेली ती मुख्य. तिच्या ओळीत फ्लॅग दिसला नाही तर तो पोचलेलाच नाही. दिसला तर पोचला एवढंच कळतं. ॲपने तो मानला का, ते वागण्यातूनच पाहावं लागतं.

प्रयोग खऱ्या खात्यावर करू नयेत. ‘--यूजर-डेटा-डिर’ला रिकामा फोल्डर द्यावा, सिग्नल तिथे कोऱ्या प्रतीसारखा उघडतो आणि नव्याने जोडायला सांगतो. जुना डेटा फोल्डर कॉपी करून दोन्ही प्रती चालवायचा मोह मात्र टाळा. एन्क्रिप्शनच्या किल्ल्या प्रत्येक संदेशागणिक पुढे सरकत असतात. दोन प्रतींचा हिशोब फाटला की संदेश उलगडेनासे होतात.

‘--पासवर्ड-स्टोअर’ तर त्याहून जपून. लिनक्सवर सिग्नल संदेशांच्या डेटाबेसची किल्ली डेस्कटॉपच्या की-रिंगच्या (पासवर्ड आणि किल्ल्या जपणाऱ्या तिजोरीच्या) मदतीने एन्क्रिप्ट करून ठेवतो आणि कोणती की-रिंग वापरली याची नोंद सेटिंगच्या फाइलमध्ये करतो. आज ‘नोम-लिबसीक्रेट’ आणि उद्या ‘बेसिक’ दिलं, किंवा नोम हा डेस्कटॉप सोडून केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये लॉगइन केलं, की किल्ली उघडत नाही आणि ॲप डेटाबेसची चूक दाखवून थांबतं. डेटा गेलेला नसतो. तिथलं ‘डेटा पुसा’ बटण दाबू नका. आधीचीच व्हॅल्यू देऊन पुन्हा चालवा.

आता जो या ऑप्शनची माहिती लिहून काढायला बसेल त्याच्यासाठी. फ्लॅगचं नाव आणि एका ओळीचा अर्थ, एवढ्याने भागत नाही. व्हॅल्यू लागते का, कोणत्या सिस्टीमवर चालतो, ॲप पूर्ण बंद करावं लागतं का, आणि सेटिंगमधल्या बटणाशी भांडण झालं तर कोण जिंकतं, हे हवंच. सिग्नलमध्ये ‘--स्टार्ट-इन-ट्रे’ सेटिंगवर मात करतो. शॉर्टकटमध्ये तो विसरून राहिला तर सेटिंग कितीही वेळा बंद करा, ॲप ट्रेमध्येच सुरू होणार. त्यात एक्स्टेन्शन नसलेल्या नोमवर ट्रेच नसतो, म्हणजे खिडकीही नाही आणि चिन्हही नाही. ॲप पुन्हा एकदा चालवलं की आधीची प्रत खिडकी पुढे आणते. असल्या ओळी कागदावर असल्या तर निम्म्या तक्रारी येणारच नाहीत.

फ्लॅग कायमचा कुठे लिहायचा, हेही त्याच पानावर यावं. विंडोजवर शॉर्टकटच्या ‘टार्गेट’मध्ये, पण बंद करणाऱ्या अवतरणचिन्हानंतर एक जागा सोडून, आत लिहिला तर तो फाइलच्या नावाचा भाग ठरतो. लिनक्सवर ॲपची ‘.डेस्कटॉप’ फाइल घरच्या ‘.लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स’मध्ये कॉपी करून तिची ‘एक्झेक’ ओळ बदलावी. मूळ फाइलच बदलली तर पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जातं. ट्रेमध्ये सुरू होण्यासाठी लॉगइनच्या वेळची ‘ऑटोस्टार्ट’ फोल्डरातली फाइल वेगळी असते, तीही बदलावी लागते.

क्रोमियमची शेकडो स्विच (तो फ्लॅगला स्विच म्हणतो) ओळीने उतरवण्यात मात्र अर्थ नाही. आवृत्ती बदलली की ती बदलतात, आणि लिहिलेलं म्हणजे पाठिंबा दिलेलं असं वाचणारा धरतो. स्वतः चालवून पाहिलेली चार-पाच द्यावीत, बाकीसाठी इलेक्ट्रॉनच्या यादीकडे बोट दाखवावं. ‘--नो-सँडबॉक्स’ आणि ‘--रिमोट-डिबगिंग-पोर्ट’ यांचा उल्लेख केलाच तर धोक्यासकट करावा. यातल्या दुसऱ्या फ्लॅगने उघडलेल्या पोर्टला त्याच मशीनवरचा कुठलाही प्रोग्राम जोडून घेऊ शकतो आणि खिडकीतले संदेश वाचू शकतो.