दुसरी बॉडी

रविवार, रात्री अकरा

आज परत तेच. कोल्हापूरचं शाहू स्टेडियम, फुटबॉलचा दुसरा हाफ, मी कॉर्नरच्या झेंड्यापासून दहा-बारा पावलांवर मांडी घालून बसलेलो, कॅमेऱ्याला ७०-२००, म्हणजे लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स. उजवीकडून क्रॉस आला, पोरानं डोकं लावलं, गोल. तो फोटो मिळाला. चेंडू जाळीत, गोलकीपर हवेत आडवा, मागं गॅलरीत माणसं उठलेली. पण पोरगा झेंड्याकडं न जाता सरळ माझ्याच अंगावर पळत आला आणि त्याच्या मागं अख्खी टीम. मी झूम सत्तरवर आणलं. त्याच्या खाली ते जातच नाही, आणि आपली बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, क्रॉप, लहान सेन्सरची, म्हणून ते सत्तर खरं तर एकशेबाराइतकं अरुंद. मागं सरकावं तर पाठीला जाहिरातीचा बोर्ड. घरी येऊन बघतो तर बारा फ्रेम. कुठं हनुवटी, कुठं जर्सीवरचा आकडा, एकात नुसता दंड.

रुंद दिसणारी १७-५५ लेन्स बॅगेतच होती. ती काढून लावेपर्यंत पोरं सेंटरला परत गेली.

हे रडगाणं या वहीत कितव्यांदा लिहितोय कुणास ठाऊक. आता एकदाचा निकाल लावायचा. दुसरी बॉडी घ्यायची की नाही ते हंगाम संपायच्या आत ठरवायचं. नाही ठरलं तर पुन्हा या विषयावर अक्षर लिहायचं नाही.

सोमवार

सकाळी खाटेवर बसून लेन्स बदलायला किती वेळ लागतो ते मोजलं. हिनं मोबाइलवर घड्याळ लावलं. अकरा सेकंद. घाई नाही, धूळ नाही, अंगावर कोणी पळत येत नाही, तरी अकरा. मग मागच्या हंगामातले फोटो काढले. गोलच्या फ्रेमची वेळ बघायची आणि पोरं एकमेकांवरून उठून चालायला लागली त्या फ्रेमची. बहुतेक ठिकाणी आठ ते पंधरा सेकंद. म्हणजे मी जगातला सगळ्यात चपळ माणूस असलो तरी मला पाठमोरी पोरंच मिळणार.

आणि हे झालं फुटबॉलचं. जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानात लेन्स काढणं म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटात हौदा, कुस्तीचा मातीचा आखाडा, करणं. ती तांबडी माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली असते. पैलवान मूठभर उचलून एकमेकांच्या अंगावर टाकतात, शड्डू ठोकला की तिचा धुरळा उठतो. एकदा सेन्सरवर बसली की नुसत्या फुंकणीनं निघत नाही. संध्याकाळी लेन्सचं तोंड २.८ वर, पूर्ण उघडं ठेवून काम करताना डाग दिसत नाहीत, म्हणून आपण निवांत असतो. दुसऱ्या दिवशी भर उन्हात तोंड बारीक करून अकरावर फोटो काढला की आभाळात घारी फिरायला लागतात.

मंगळवार

भाव बघत बसलो. हा माझा छंद आहे, त्यात लाज नाही. काही लोक जागांचे भाव बघतात.

आत्ताची बॉडी कॅननची सेव्हन डी मार्क टू. २०१४ सालचं मॉडेल, सेकंदाला दहा फ्रेम, पासष्ट फोकस पॉइंट. शटर दोन लाख क्लिकचं, असं कंपनी सांगते. मागच्या महिन्यात दुरुस्तीवाल्यानं संगणकाला जोडून माझा आकडा सांगितला, एक लाख एकाहत्तर हजार. हे वाक्य दुसऱ्या बॉडीच्या बाजूनं आहे, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो. घरात उपयोगी पडेल.

मन मात्र कॅननच्याच नव्या आर सेव्हनकडं ओढतंय. २०२२ सालची, साडेबत्तीस मेगापिक्सेल, मेकॅनिकल शटरवर पंधरा आणि इलेक्ट्रॉनिकवर तीस फ्रेम. शिवाय एक सोय अशी की बटण पूर्ण दाबायच्या आधीचा अर्धा सेकंदही ती जपून ठेवते. कुस्तीवाल्याला याहून मोठं आमिष नाही. पंधरा मिनिटं दोघं मानेला मान लावून उभे असतात, आपला हात अवघडतो, आपण कपाळावरचा घाम पुसतो आणि तेवढ्यात घिस्सा डाव, डोळ्याचं पातं लवायच्या आत एकाची पाठ मातीला. तो गेलेला अर्धा सेकंद कोणी परत देत असेल तर माणूस कर्ज काढेल.

पण त्यात एक मेख आहे. तीस फ्रेम मिळतात त्या इलेक्ट्रॉनिक शटरवर. सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो आणि त्या वाचण्याला वेळ लागतो. तेवढ्यात जोरात मारलेला चेंडू सरकतो आणि फोटोत अंड्यासारखा येतो. रात्रीच्या मैदानात तर दिव्यांचीही भर. आपली वीज पन्नास सायकलची, म्हणून दिवा सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो. सेकंदाच्या हजारांशच्या शटरला एक फ्रेम उजळ आणि पुढची काविळीची, इलेक्ट्रॉनिकवर तर एकाच फ्रेममध्ये पट्टे. दिव्याचा ठोका बघून मगच शटर सोडायची सोय कॅननमध्ये पहिल्यांदा आली ती माझ्या या जुन्या बॉडीतच. म्हातारी असली तरी तिला जत्रेतले दिवे कळतात.

नवीचा भाव लाखाच्या वर. जुन्या लेन्स लावायला अडॅप्टर घ्यायचा तो वेगळा. पेपरवाले फोटोखाली नाव छापतात, पैसे येतात तेव्हा येतात. स्टुडिओ चालतो तो लग्नांवर. खेळाचे फोटो हा माझा खर्च आहे, धंदा नाही, हे एकदा स्वच्छ लिहून टाकलेलं बरं.

गुरुवार

तालमीत प्रिंट द्यायला गेलो होतो. वस्ताद खुर्ची टाकून बाहेरच बसलेले. बोलता बोलता विषय निघाला, तर म्हणाले, "एका कुस्तीला दोन लंगोट कशाला रं?" पोरं हसली. मीही हसलो, पण उत्तर सुचलं नाही. खरं तर उत्तर खासबागेच्या कुस्ती मैदानातच आहे, ते घरी येताना सुचलं.

शाहू महाराजांनी १९१२ मध्ये ते मैदान असं बांधून घेतलं की खोलगट, गोल, कुठंही बसा, कोणी कोणाच्या आड येत नाही. हजारो माणसांना हौदा सारखाच दिसतो. रोममधलं जुनं क्रीडागार बघून आल्यावर त्यांच्या मनात हे आलं, असं सांगतात. पण ती सोय डोळ्यांसाठी आहे. कॅमेऱ्याला हौद्यातला पैलवान हवा तर दोनशे लागते. कुस्ती निकाली झाली की चित्रच पालटतं. जिंकलेल्याला खांद्यावर घेतलेलं असतं, हलगी कडाडत असते, फेटे उडत असतात, आणि ते सगळं चालत तुमच्याकडं येतं. कुणीतरी बक्षिसाची नोट पोराच्या हातात कोंबतं, म्हातारा बाप कडेला उभा राहून नुसता बघत असतो. दोनशेवर यातलं एकच काहीतरी बसतं, आणि दरवेळी मी नोट घेतो, बाप सुटतो.

धाकट्याला म्हटलं, येत्या रविवारी तुझी बॉडी दे. तो लग्नाचं काम वेगळ्या कंपनीच्या फुल फ्रेमवर, मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर करतो. म्हणाला, "दादा, ने की. पण डाग पडला तर नवरीच्या गालावर तीळ येईल, मग तिच्या सासूला तूच समजाव."

रविवार, रात्री दीड

दोन कॅमेरे घेऊन काम केलं. पाठीवरून दोन पट्टे, उजवीकडं माझी, डावीकडं त्याची.

पहिली गोष्ट, मांडी घालून बसता येत नाही. एक कॅमेरा हातात असला की दुसरा गवतात लोळतो. उठून पळायचं म्हटलं की तो गुडघ्यावर आपटतो. अर्ध्या तासात मान अवघडली. शेजारी बसलेला एक पोरगेला फोटोग्राफर म्हणाला, "काका, दुकान उघडलंय काय?"

दुसरी, मी अंगठ्यानं फोकस करतो, मागच्या बटणानं. धाकट्याच्या कॅमेऱ्यात ते बटण तसं लावलेलंच नव्हतं. मी अंगठा दाबतोय, कॅमेरा ढिम्म. आठ फ्रेम धूसर. तोंडात येईल ते बोललो, शेजारच्या पोरानं ऐकलं.

तिसरी गोष्ट मनाला लागली. पाच वाजून गेले होते, डिसेंबरचा उजेड कलायला लागलेला, आयएसओ तीन हजाराच्या वर. चेंडू मधे आला आणि मी क्षणभर विचार केला की कुठला उचलू. तेवढ्यात गोल. दोन्ही कॅमेरे खाली. एक असताना हा विचार कधी करावा लागला नव्हता.

पण एक फोटो मिळाला. शेवटच्या मिनिटाचा गोल, पोरं माझ्या दिशेनं गुडघ्यावर घसरत आली. मी डावीकडची बॉडी उचलली, रुंद लेन्स, खालून. चार पोरांचे चेहरे, मातकट गुडघे, वर सगळी गॅलरी हात वर करून. तालमीचा झेंडा नेमका मधोमध. इथली फुटबॉलची निम्मी नावंच तालमींची आहेत, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. सामना दोन पेठांचा असतो आणि पेठ फोटोत यायची तर लेन्स रुंदच लागते. एवढ्या वर्षांत माझ्याकडं असा फोटो नव्हता.

संगणकावर सगळे फोटो एकत्र टाकले तर आणखी गंमत. दोन कॅमेऱ्यांच्या घड्याळात चार मिनिटांचा फरक. वेळेप्रमाणे लावले तर आनंद आधी आणि गोल नंतर. पोरं आधी नाचली, मग त्यांना चेंडू सापडला. एक वाजेपर्यंत हातानं लावत बसलो.

बुधवार

आज प्रामाणिक काम केलं. तीन हंगामांतले हुकलेले प्रसंग कागदावर उतरवले. शेचाळीस निघाले. प्रत्येकापुढं कारण लिहिलं. मला वाटलं होतं चाळीसेक तरी लेन्सच्या नावावर जातील.

लेन्समुळं एकोणीस. चुकीच्या बाजूला बसलो म्हणून अकरा. आणि सोळा वेळा मी मागच्या पडद्यावर आधीचा फोटो बघत होतो.

सोळा! त्यावर कुठलीही बॉडी चालत नाही. पडद्यावर काळी चिकटपट्टी लावायची का, असंही मनात आलं. (लावली. दोन दिवसांनी काढली. उजेड बघायलाही पडदा लागतो.)

हिला आकडे सांगितले. एकोणीस म्हणजे हंगामाला सहा. सहा फोटोंसाठी एवढे पैसे घालणं बरोबर नाही, असं मीच म्हटलं. खरं तर ती नको म्हणेल आणि मग मला भांडता येईल, हा बेत होता. तिनं भाजी चिरता चिरता विचारलं, "जुनी कितीला मिळते?"

"अडतीसच्या आसपास."

"पाच वर्षं चालेल?"

"चालेल."

"म्हणजे तीस फोटो. एकाला साडेबाराशे पडले. अहो, अल्बमच्या एका पानाला याहून जास्त घेता तुम्ही."

माझ्याकडं बोलायला काही उरलं नाही. मग तिनंच विचारलं, "आणि ती नवी, अर्धा सेकंद मागं जाणारी?"

म्हटलं, ती नको. रविवारी कळलं की दोन वेगळे कॅमेरे म्हणजे दोन वेगळे हात. मला दुसरी तीच हवी. तीच बटणं, तीच बॅटरी, तोच चार्जर. डोळे मिटून कुठलीही उचलली तरी अंगठा जागेवर पडला पाहिजे. शिवाय पहिलीचं शटर कधी ना कधी थांबणारच, तेव्हा दुसरी पहिलीच्या जागी येईल.

हे बोलताना माझं मलाच कळलं की ठरलंय.

शनिवार

सांगलीला जाऊन आलो. विकणारे गृहस्थ पक्ष्यांचे फोटो काढायचे, आता गुडघे चालत नाहीत. कॅमेरा बाळासारखा जपलेला. शटर बेचाळीस हजार. मी सोबत माझी लेन्स, दोन्ही प्रकारची कार्डं आणि एक कोरा पांढरा कागद नेला होता. सोळावर कागदाचा फोटो काढला, मोठा करून बघितला, कोपऱ्यात दोन ठिपके. फुंकणीनं गेले. दोन्ही कार्डांवर फोटो उतरले. प्रत्येक बटण दाबलं, बर्स्ट, म्हणजे सलग फ्रेमची माळ, सोडला. तो आवाज ऐकून ते म्हणाले, "या आवाजानं किती खंड्या उडवले मी." छत्तीसवर ठरलं. चहा झाला. निघताना त्यांनी पट्टा काढून स्वतःकडं ठेवला. मी काही विचारलं नाही.

रात्री जेवण झाल्यावर दोन्ही बॉड्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. ओळखता येईनात, म्हणून नवीच्या बुडाला हिच्या टिकलीच्या पाकिटातली एक लाल टिकली लावली. दोन्हीकडं घड्याळाचं पान उघडलं, वेळ एकच भरली, दहा वाजून बारा मिनिटं शून्य सेकंद. एकाच्या बटणावर माझा अंगठा, दुसऱ्यावर हिचा. मोबाइलमधल्या घड्याळाकडं बघत ती मोजायला लागली, "तीन, दोन..."

"थांब, एकवर दाबायचं की एकनंतर?"

"एकनंतर. आता बोलू नका."