हाक आली की उडायचं

टीव्हीवर ट्रॅप नेमबाजी लागली की मी नेमबाजापेक्षा हवेत सोडलेल्या, बंदुकीने फोडायच्या त्या तबकडीकडेच जास्त बघतो. 11 सेंटिमीटर रुंद, वजन 105 ग्रॅम. नाव 'क्ले पिजन', मातीचं कबुतर. आता तिच्यात माती नसते. डांबर आणि चुनखडीची भुकटी असते. कबुतर मात्र एकेकाळी खरंच होतं. 1900 साली पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळीसुद्धा जिवंत कबुतरं सोडून ती टिपली गेली. त्याआधीच काचेचे गोळे निघाले होते, काहींत चक्क पिसं भरलेली. गोळा फुटल्यावर पिसं उडायला हवीत ना! 1880 मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोस्कीने मातीच्या तबकडीचं पेटंट घेतलं आणि हळूहळू पाखरांची सुटका झाली. तरी तबकडी नीट सुटली नाही तर पंच आजही 'नो बर्ड' म्हणतो.

कुणीही सहज टिपावं, गंडवावं अशा माणसाला अमेरिकन बोलीत 'क्ले पिजन' म्हणतात. हे कळलं तेव्हा मला तबकडीची बाजू घ्यावीशी वाटली. ती ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास सुटते. ट्रॅपमध्ये डावीकडे जाईल की उजवीकडे, नेमबाजाला आधी ठाऊक नसतं. 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला स्कीट या तबकडी-नेमबाजीच्या दुसऱ्या प्रकारात आपल्या अनंतजीतसिंग नरुका आणि महेश्वरी चौहान यांचं कांस्य एका तबकडीने हुकलं. हिला सोपी कोण म्हणेल?

पण वेगाने काय होतंय? नेमबाज पाय रोवतो, बंदूक खांद्याला लावतो, मनासारखी तयारी झाली की 'पुल' म्हणून ओरडतो. मायक्रोफोन ती हाक टिपतो आणि तबकडी हवेत. कधी उडायचं हे बंदूकवाला ठरवणार! ऑफिसच्या बैठकीत साहेब सगळा विषय आधीच घोटून येतात आणि ऐनवेळी विचारतात, "तुम्हाला काय वाटतं?" आपण उडतो. लग्नाच्या पंगतीत एखादी आत्या भरल्या पानावर विचारते, "काय रे, पुढे काय ठरवलंयस?" पुन्हा उडतो.

स्कीटवाले त्यामानाने न्यायी. तिथे बंदूक कमरेशी धरायची आणि हाकेनंतर तबकडी लगेच सुटेल की तीन सेकंदांनी, याचा भरवसा नाही. हा नियम मला फार आवडला. परवाच्या बैठकीत साहेबांची हाक आली तेव्हा मी पाण्याची बाटली उघडली, सावकाश घोट घेतला, झाकण लावलं. तोवर साहेब शेजारच्याकडे वळले होते.