तुम्ही विचारलंत म्हणून: माझं आजीबाई जर्मन

"तुझं जर्मन असं जुन्या वळणाचं कसं गं, आजीबाईंसारखं?" हे मला जर्मन लोक विचारतात आणि पुण्यात जर्मन शिकणारी मुलंही विचारतात, आणि सगळ्यांना वाटतं आता मी एखाद्या भारी वेबसिरीजचं नाव घेणार. तसं काही नाहीये. मारी-लुईजे मारयान नावाच्या बाईंमुळे माझं जर्मन असं आहे.

मी कोलोनमध्ये ज्यांच्याकडे भाड्याने राहायचे त्या आजी रविवारी संध्याकाळी 6:50 ला टीव्हीसमोर बसायच्या, मग अर्धा तास घरात कोणी बोलायचं नाही. 'लिंडेनश्ट्रासे' ही मालिका. डिसेंबर 1985 ला सुरू झाली, आठवड्याला एक भाग, आणि मारयानबाई पहिल्या भागापासून हेल्गा बायमर म्हणजे 'मुटर बायमर', बायमरांच्या घरातली आई. कथा म्युनिकमधल्या एका रस्त्यावर घडते पण रस्ता म्हणजे कोलोनच्या बोक्लेम्युंड भागात उभा केलेला सेट, हे कळल्यावर मला उगाचच फसवल्यासारखं झालं होतं.

मी आधी नाकं मुरडली. आपल्याकडच्या मालिका बघत वाढलेली मी, मला वाटलं आता ढ्यँ ढ्यँ म्युझिक आणि तीन वेळा चेहऱ्यावर झूम. आणि ही बाई काय करते, तर काही वाईट झालं की गॅसजवळ जाते आणि अंडी फोडते. खरंच. नवरा हान्स दुसरीच्या प्रेमात पडून घर सोडून गेला, अंडी. मुलांचं काही बिनसलं, अंडी. आपण हाफ फ्राय म्हणतो ते, जर्मनमध्ये 'श्पीगल-आय', शब्दशः आरसा-अंडं. अख्ख्या देशाला माहीत की बायमरबाईंनी तवा काढला म्हणजे काहीतरी बिघडलंय. आजी तर तवा दिसला की आधीच "अरे देवा" म्हणायच्या, त्यांच्या भाषेत अर्थात. रडारड न करता पाठमोरं उभं राहून दुःख दाखवणं किती अवघड आहे ते मला त्या तव्यामुळे कळलं.

बाईंचं स्वतःचं आयुष्य मालिकेपेक्षा नाट्यमय आहे हे मला फार उशिरा समजलं. जन्म 1940 चा, एसेनचा, लहानपण जवळच्या हाटिंगेनमध्ये, आणि आपण दत्तक आहोत हे कळलं सोळाव्या वर्षी. पुढे हॅम्बुर्गला अभिनयाचं शिक्षण, मग वर्षानुवर्षं नाटकं, आणि पंचेचाळिशीत ही मालिका. आणि मग लोक तिलाच 'देशाची आई' म्हणायला लागले. पंचेचाळिशीत आपल्याकडे हिरॉइनला हिरोची आई करतात, ते सोडा.

माझ्या जर्मनचं म्हणाल तर भाग गुरुवारी घडतो असं धरलेलं असायचं, आणि त्या गुरुवारचं भाडं, डॉक्टर, शेजाऱ्यांची कटकट हे सगळं मी तिच्या तोंडून ऐकलं. निवडणुकीच्या रविवारी तर वेगवेगळ्या निकालांचे सीन आधीच शूट करून ठेवायचे आणि त्याच संध्याकाळी खरा निकाल पात्रांच्या तोंडी! मॅक्सम्युलर भवनात व्याकरण पक्कं झालं, पण "हं, बघू" हे चार वेगवेगळ्या रागांत कसं म्हणायचं ते हेल्गाकडून.

शेवटचा भाग, 1758 वा, 29 मार्च 2020 ला होता. मी तेव्हा पुण्यात लॉकडाऊनमध्ये आणि आजी तिकडे एकट्या. म्हटलं, भाग सुरू व्हायच्या आधी फोन करू, म्हणून बरोबर साडेचार तास मागे मोजून रात्री 10:35 ला लावला. नेमकी त्याच दिवशी त्यांच्याकडची घड्याळं एक तास पुढे गेलेली, म्हणजे तिकडे 7:05, भाग ऐन मध्यात. आजींनी उचलला, मागून हेल्गाचा आवाज येत होता. "आत्ता नाही," म्हणाल्या आणि ठेवून दिला.