स्टुडिओ बी ते सेव्हिअरव्हिल : एका अल्बमच्या मागावर

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिलला जाणार म्हटल्यावर बहुतेकांनी ब्रॉडवेवरचे बार सुचवले. मला ओढ होती ती म्युझिक रो भागातल्या एका साध्या इमारतीची. आरसीए या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ बी. कंट्री गायिका डॉली पार्टनचा १९७१चा 'कोट ऑफ मेनी कलर्स' हा अल्बम इथे ध्वनिमुद्रित झाला. कंट्री संगीत म्हणजे काऊबॉय टोपी आणि पिकअप ट्रक, एवढंच ज्यांना वाटतं त्यांना मी आधी हाच अल्बम ऐकवते.

स्टुडिओत परस्पर जाता येत नाही. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमच्या संग्रहालयात तिकीट काढायचं, मग तिथूनच बस नेते. इमारत १९५७ची. बाहेरच्या विटांच्या भिंतीवर एक खोक दाखवतात. १९६७ साली इथल्या पहिल्याच ध्वनिमुद्रणाला उशीर होऊ नये म्हणून घाईघाईने आलेल्या डॉलीची गाडी या भिंतीवर आदळली होती! तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. मी त्या विटांवरून हात फिरवला.

आत मुख्य खोली एकच. स्टाइनवे पियानो अजून जागेवर आहे आणि जमिनीवर एक फुली मारलेली आहे. खोलीत आवाज सगळ्यात छान कुठे लागतो ते शोधून मारलेली. गायक तिथे उभा राहायचा, वादक सभोवती. समोर नोटेशनचे कागद नसत, तर कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वर, आकड्यांत लिहिलेल्या असत. गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली तरी आकडे तेच राहतात, फक्त वादक नव्या पट्टीत वाजवू लागतो. म्हणून तर तीन तासांच्या एका सत्रात तीन-चार गाणी सहज उरकायची. ही तालीम किती पक्की असेल, याचा अंदाज त्या खोलीत उभं राहिल्यावरच येतो.

मग आय-४० हा महामार्ग धरून पूर्वेकडे, साधारण साडेतीनशे किलोमीटर. अल्बम जेमतेम २७ मिनिटांचा, त्यामुळे वाटेत तो पुन्हापुन्हा लागत राहिला. दहांपैकी सात गाणी डॉलीची, तीन तिचा तेव्हाचा जोडीदार गायक पोर्टर वॅगनरची. 'ट्रॅव्हलिंग मॅन'मध्ये मुलीच्या प्रियकराबरोबर चक्क तिची आईच पळून जाते, आणि हे सगळं इतक्या उडत्या चालीत! 'अर्ली मॉर्निंग ब्रीझ' मला फार आवडतं. पोर्टरची गाणी मला त्या मानाने फिकी वाटतात, हे स्पष्टच सांगते. डोंगर दिसू लागले तेव्हा शीर्षकगीत कितव्यांदा तरी सुरू झालं होतं.

लोकस्ट रिज हे डॉलीचं गाव स्मोकी डोंगरांच्या पायथ्याशी. दोन खोल्यांचं घर आणि बारा भावंडं, ही चौथी. त्या घराची हुबेहूब प्रतिकृती पिजन फोर्जच्या डॉलीवूड पार्कात आहे. तिच्या भावाने ती बांधली आणि आतली मांडणी खुद्द आईने केली. भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवलेली, भांडी खुंटीला. आपण दारातूनच आत डोकावतो, आणि इतकी माणसं इथे झोपत कशी असतील, याचा हिशेब काही लागत नाही.

गाण्यातली गोष्ट इथलीच. कुणीतरी दिलेल्या चिंध्या जोडून आई लेकीसाठी कोट शिवते आणि शिवता शिवता बायबलमधल्या योसेफाच्या रंगीत अंगरख्याची गोष्ट सांगते. लेक ऐटीत शाळेत जाते, पोरं हसतात. आजीच्या जुन्या लुगड्यांच्या गोधडीत वाढलेल्या मला हे गाणं कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पण मला धरून ठेवते ती त्यातली पोर. ती रडत घरी येत नाही. या कोटाच्या टाक्या-टाक्यात आईची माया आहे, हे ती त्या पोरांनाच समजावू पाहते. तिला त्यांचं हसणं खरोखरच कळत नाही. कीव मागणारी एक ओळ गाण्यात सापडायची नाही.

हे गाणं तिने १९६९मध्ये पोर्टरच्या बसमध्ये लिहिलं. हाताशी कागद नव्हता, म्हणून त्याच्या सुटाच्या ड्रायक्लीनिंगच्या पावतीवर. ते बिलबोर्ड या संगीत नियतकालिकाच्या कंट्री यादीत चौथं आलं, अल्बम सातवा. आणि २०११ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत हे गाणं घेतलं.

परतताना सेव्हिअरव्हिलच्या कोर्टाबाहेर थांबा. तिथे गिटार घेतलेल्या, अनवाणी डॉलीचा पुतळा आहे. तो उभा राहिल्यावर तिचे वडील रात्री साबणाच्या पाण्याची बादली घेऊन यायचे आणि पक्ष्यांनी केलेली घाण धुऊन काढायचे, असं तिनेच सांगितलंय. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्यामुळेच तिला मुलांना पुस्तकं घरपोच पाठवण्याची योजना सुचली. १९९५मध्ये याच सेव्हिअर काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ती सुरू झाली आणि आजवर वीस कोटींहून जास्त पुस्तकं मुलांच्या हाती गेली.

जाणार असाल तर आधी नॅशव्हिल करा, डोंगर नंतर. आणि अल्बम शेवटपर्यंत ऐका, नुसतं पहिलं गाणं ऐकून थांबू नका.