वीज गेली तेव्हा मार्लिन देवमाशाच्या तोंडात होता

मे महिन्याचा मध्य होता. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायला अजून दहा-बारा दिवस बाकी होते, तरी नागपुरातल्या सदरमधल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या सभागृहात सकाळी आठ वाजताच कूलरशिवाय बसवत नव्हते. सुट्टीतील बायबल शाळेचा तो चौथा दिवस. बालकार्याची पगारी सेविका म्हणून मी चौदा वर्षे हे काम करते आहे, त्यामुळे त्या दिवसाचा पाठ, प्रश्नपत्रिका आणि सुवर्णवचन सारे आदल्या रात्रीच तयार होते. दारात एक वडील आपल्या दहा वर्षांच्या मुलाचे मनगट घट्ट धरून उभे होते. मुलगा आदल्या दिवशी घरी न सांगता मित्राच्या सायकलवर बसून फुटाळा तलावावर गेला होता आणि दिवेलागणीला परतला होता. "टीचर, हा अजिबात ऐकत नाही जी. याले जरा चांगलं समजावून सांगा," एवढे बोलून ते निघून गेले. मला समाधानच वाटले, कारण माझा पाठ नेमका आज्ञापालनाचा होता.

पाठासाठी मी ‘फाइंडिंग नीमो’ हा 2003 सालचा अ‍ॅनिमेशनपट निवडला होता. पवित्र शास्त्रावर थेट बेतलेली कार्टूने मी पूर्वी पुष्कळ दाखवली आहेत, पण त्यांत एक अडचण असते. ती सुरू झाली की मुले संडे स्कूलच्या आवाजात बोलू लागतात आणि कोणत्याही प्रश्नाला "येशू!" असे उत्तर देऊन मोकळी होतात. माशांच्या गोष्टीत ही सोय नसते. अर्थात, प्रत्येक कार्टूनमध्ये क्रूस शोधून काढणाऱ्यांपैकी मी नाही. ती ओढाताण मुलांनाही कळते आणि ती हसतात.

माझी योजना सरळ होती. नीमो हा जन्मतःच एक पर लहान असलेला छोटा क्लाउनफिश. त्याची आई आणि बाकीची सारी अंडी बॅराकुडा माशाने खाल्लेली असल्यामुळे त्याचा बाप मार्लिन त्याला क्षणभरही नजरेआड होऊ देत नाही. शाळेच्या पहिल्याच दिवशी नीमो चिडून, बापाने नको म्हटलेले असताना, खोल पाण्यातल्या होडीपर्यंत पोहत जातो आणि पाणबुड्याच्या हाती सापडतो. तिथून तो सिडनीतल्या एका दंतवैद्याच्या काचेच्या टाकीत पोहोचतो. आईबापांचे ऐकले नाही तर काय होते, याचे याहून सोपे उदाहरण कोणते? पत्रिकेवर तीन प्रश्न होते आणि खाली इफिसकरांस पत्रातले वचन: "मुलांनो, प्रभूमध्ये तुम्ही आपल्या आईबापांच्या आज्ञेत राहा."

मार्लिन आणि विसराळू डोरी यांना देवमाशाने गिळले, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. पडदा काळा झाला, कूलरचा पंखा घरघरत थांबला, आणि मागून कोणीतरी ओरडले, "आपणही पोटात गेलो!" सगळे हसले. मोठ्या माशाने गिळलेल्या योना संदेष्ट्याची बायबलातली गोष्ट मला सांगावी लागली नाही; तीन दिवस आणि तीन रात्री हे त्यांनीच मोजून सांगितले. मी खिडक्या उघडल्या, माठाजवळ ठेवलेले पन्हे वाटले आणि वेळ भरून काढण्यासाठी उधळ्या पुत्राचा दाखला वाचायला घेतला; आपला वाटा घेऊन घर सोडलेला, सारे उधळून परत आलेला मुलगा आणि तो दूर असतानाच त्याला पाहून धावत गेलेला बाप यांची ही येशूने सांगितलेली गोष्ट.

वाचून झाल्यावर पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, "टीचर, हा बाप काहून नाही गेला शोधायला? मार्लिन तर गेला न."

चौदा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मलाही पडला नव्हता. मी ही गोष्ट जिथे येते तो लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय सुरुवातीपासून पुन्हा उघडला. त्यात मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे सोडून एका मेंढरामागे जातो, बाई एका नाण्यासाठी दिवा लावून घर झाडते, आणि तिसऱ्या गोष्टीतला बाप मात्र घरीच राहतो. मेंढरू वाट चुकते, नाणे हातून सांडते, पण मुलगा आपला वाटा मागून स्वतःच्या मर्जीने गेलेला असतो, असे काहीतरी मी चाचपडत सांगत होते, तोच फुटाळ्याचा मुलगा मान खाली घालूनच म्हणाला, "पण तो रस्त्याकडे पाहत असंल न. नाही तर दूर होता तरी दिसला कसा?"

दुसऱ्या मुलाला ते पटले नाही. त्याच्या मते नीमोही रागावूनच गेला होता, बापाला नको ते बोललाही होता, मग मार्लिनने तरी का जावे? यावर त्या मुलीने जे उत्तर दिले, ते मी नंतर वहीत उतरवून ठेवले: "नीमो टाकीत आहे न. त्याला यायचं असलं तरी येताच येत नाही. मग बापालाच जावं लागंल."

तारण, म्हणजे देवाने माणसाला पापातून सोडवणे, म्हणजे काय, हे मी मुलांना समजावू पाहते तेव्हा मला पाच-सहा वाक्ये लागतात, आणि तरीही ती धड जुळत नाहीत.

हातातल्या पत्रिकांनी मी वारा घेत होते, तेव्हा मला ‘व्हेजीटेल्स’चे एक जनक फिल व्हिशर यांची आठवण झाली. बॉब नावाचा टमाटर आणि लॅरी नावाची काकडी यांची ती कार्टूने 1993 मध्ये सुरू झाली. तेव्हाच्या संगणकावर हातपाय आणि कपडे हलवून दाखवणे कठीण होते, म्हणून पात्रे भाज्यांची झाली. ती मी वर्षानुवर्षे दाखवली आहेत. 2011 मधल्या एका मुलाखतीत व्हिशर यांनी कबूल केले होते की, त्यांनी दहा वर्षे मुलांना ख्रिस्ती माणसासारखे वागायला सांगितले, पण ख्रिस्ती विश्वास शिकवला नाही. ते वाचले तेव्हा मी मनात म्हटले होते, अमेरिकेतल्या लोकांचे ठीक आहे. आता माझ्या तीन प्रश्नांत ‘आज्ञा’ हा शब्द चार वेळा आला होता आणि बाप एकदाही आला नव्हता. शिवाय मी निवडलेल्या वचनाच्या तीनच ओळी खाली बापांसाठीही वचन आहे, मुलांना चिरडीस आणू नका असे सांगणारे. ते मी छापलेच नव्हते. या चित्रपटाचे दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन यांना ही गोष्ट सुचली तीच मुळी आपल्या लहान मुलाला बागेत नेताना सारखे हे करू नको, ते करू नको म्हणत राहिल्याचे स्वतःच्या लक्षात आल्यामुळे.

वीज आली तेव्हा अकराला दहा मिनिटे होती. पत्रिका मी टेबलाच्या खणात टाकल्या आणि चित्रपट पुढे सुरू केला.

अकरा वाजता पालक येऊ लागले. फुटाळ्याच्या मुलाचे वडील दारातून हाताने खुणावत होते. मुलगा उठला नाही. ते चपला काढून आत आले, त्याच्या खुर्चीपाशी वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "चाल, उशीर होते मले."

"थांबा न बाबा. अजून सापडला नाही."

"कोण?"

"पोरगा. त्याचा बाप शोधून राहिला."

त्यांनी एकदा पडद्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले, आणि भिंतीलगतची प्लॅस्टिकची खुर्ची ओढून ते मुलाशेजारी बसले.